ऑस्टिओपॅथकडे पहिल्यांदा जाताय? टेबलावर झोपण्याआधी एवढं वाचा

तोंड धुवायला बेसिनवर वाकले आणि कमरेत अशी उसण भरली की तशीच वाकलेली राहिले. नळ चालू, डोळ्यांत साबण, आणि सरळ काही होता येईना. दोन महिने उलटले तरी डावा पायमोजा चढवताना श्वास रोखून धरावा लागायचा. गोळ्या झाल्या, शेक झाला, एक्स-रे झाला. एक्स-रेमध्ये काहीच नव्हतं. मग ओळखीतली एक म्हणाली, "ऑस्टिओपॅथकडे जाऊन बघ." मी विचारलं, "त्या साखरेच्या गोळ्या देतात ते का?"

एवढं माझं ज्ञान! त्या भरवशावर मी पहिल्यांदा जिथं गेले तिथं पाच मिनिटांत मला टेबलावर आडवं केलं. मी कंबर दुखतेय म्हणतेय तोवर दोन हातांत मान धरली आणि काय चाललंय ते कळायच्या आत कट्ट! रात्री मान वळेना, दोन दिवस अंगासकट वळून बघत होते. दुसऱ्या ठिकाणी गेले ते भीत भीत. तिथं मात्र हात लावायच्या आधी अर्ध्या तासाहून जास्त वेळ नुसते प्रश्न झाले. आधीचे आजार, झोप, कामाची पद्धत, औषधं, लघवीला नीट होतं का, सगळं.

या दोन भेटींमधून मी शिकले ते असं. ऑस्टिओपॅथचा हात चांगला आहे की नाही हे तुम्हाआम्हाला बघून कळत नाही. पण तो हात लावायच्या आधी काय विचारतो, हे कुणालाही कळतं. त्यावरून निम्मा निकाल लागतो. मी डॉक्टर नाही, पण या रस्त्यावरचे खड्डे मोजून आलेय, म्हणून हे लिहितेय.

१. आधी नावाचा घोळ मिटवा

ऑस्टिओपॅथीत गोळ्या नसतात, तिचा होमिओपॅथीशी संबंध नाही. ऑर्थोपेडिक म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञ, ते शस्त्रक्रिया करतात, मोडलेलं हाड बसवतात. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. ही सगळी नावं एकमेकांच्या जवळपासची, म्हणून भले भले फसतात. ग्रीक भाषेत 'ऑस्टिऑन' म्हणजे हाड आणि 'पॅथॉस' म्हणजे दुखणं, त्यावरून हे नाव आलं. पण नावात हाड असलं तरी ऑस्टिओपॅथ जास्त काम करतो ते सांध्यांवर, स्नायूंवर आणि त्यांच्याभोवतीच्या आवरणांवर. तेही हातांनी. हाड मोडलं असेल तर तिकडे जायचंच नाही.

ही पद्धत काढली अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी. जन्म १८२८चा. १८६४ साली मेंदूज्वराच्या साथीत त्यांची तीन मुलं गेली. डॉक्टर बापाला काही करता आलं नाही. त्या काळच्या औषधांकडे बघितलं तर यात नवल नाही. पारा, अफू, दारू, नस कापून रक्त काढणं, असलेच उपचार तेव्हा चालायचे. स्टिल यांचा त्या औषधांवरचा विश्वास उडाला. १८७४ साली त्यांनी आपला विचार मांडला आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात पहिली शाळा काढली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शरीर हे एकसंध आहे, त्याची ठेवण आणि त्याचं काम एकमेकांवर अवलंबून असतं, आणि स्वतःला सावरायची ताकद शरीरात असते. इथवर कुणाची हरकत नसावी. पण त्यांचा पुढचा दावा असा होता की ठेवणीत बिघाड झाला की रक्ताचा प्रवाह अडतो आणि झाडून सगळ्या रोगांचं मूळ तिथंच असतं. आजचं वैद्यकशास्त्र हे मानत नाही. अजूनही कुणी तुम्हाला हे तसंच्या तसं ऐकवत असेल, तर समजा की त्याचं घड्याळ शंभर वर्षं मागे आहे.

या इतिहासातली एक गोष्ट तुमच्या थेट उपयोगाची आहे. या पद्धतीला पुढे दोन फाटे फुटले. अमेरिकेत 'डी.ओ.' (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) पदवी घेतलेली व्यक्ती पूर्ण डॉक्टर असते. औषधं लिहून देते, शस्त्रक्रिया करते, कुठल्याही विषयात तज्ज्ञ होऊ शकते. अनेक डी.ओ. रोजच्या कामात हातांनी उपचार करतही नाहीत. दुसरा फाटा ब्रिटनचा. स्टिल यांच्याकडे शिकलेल्या जॉन मार्टिन लिटलजॉन यांनी १९१७ साली लंडनमध्ये शाळा सुरू केली. तिथल्या आणि युरोप-ऑस्ट्रेलियातल्या ऑस्टिओपॅथचं काम हातांच्या उपचारांपुरतं असतं. औषधं देणं त्यांच्या कामात बसत नाही. त्यामुळे "अमेरिकेत ऑस्टिओपॅथ डॉक्टरच असतात" हे वाक्य खरं असलं, तरी तुमच्या समोरच्या माणसाला ते लागू पडेलच असं नाही. हे वाक्य जाहिरातीत फार वापरलं जातं.

कायरोप्रॅक्टिक हे वेगळं. ते १८९५ मध्ये डी. डी. पामर यांनी अमेरिकेतच सुरू केलं. त्यांचा भर मणक्याला झटका देऊन जागेवर आणण्यावर जास्त. फिजिओथेरपिस्ट व्यायामावर भर देतात. पण खोलीत शिरल्यावर या तिघांच्या कामात बरंच काही सारखं दिसतं, उगाच फार फरक शोधत बसू नका.

२. तुमचं दुखणं या दारातलं आहे का, ते बघा

बहुतेक लोक इथंच चुकतात. दुखणं एक, दार भलतंच.

ऑस्टिओपॅथीचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो कंबरदुखीवर, आणि थोडा मानदुखीवर. त्यातही कौतुक बेताचंच आहे. ब्रिटनमधल्या 'नाईस' या संस्थेनं २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यात हातांच्या उपचारांना जागा आहे, पण व्यायामाच्या जोडीनंच. नुसतं टेबलावर पडून राहायचं आणि दुसऱ्यानं बरं करायचं, हे त्यात बसत नाही. फ्रान्समध्ये ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निम्म्यांना खरे उपचार दिले आणि निम्म्यांना फक्त हात ठेवून उपचाराचं सोंग केलं. खऱ्या उपचारांच्या गटाला किंचित जास्त फायदा झाला, पण इतका कमी की रोजच्या जगण्यात तो जाणवेल का, याबद्दल संशोधकांनाच शंका होती.

मग जायचं कशाला, असं विचाराल. मलाही तोच प्रश्न पडला होता. माझ्यापुरतं उत्तर असं: साध्या कंबरदुखीवर जादूचा उपाय कुणाकडेच नाही. गोळ्यांचाही फायदा बेताचाच असतो. बरीचशी कंबरदुखी काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. मधल्या काळात आखडलेलं अंग थोडं मोकळं झालं, भीती कमी झाली आणि हालचाल सुरू झाली, तर ते मला हवंच होतं. एवढीच अपेक्षा घेऊन जाणार असाल तर जा.

दमा, लहान मुलांचं सततचं रडणं, कानाचा संसर्ग, रक्तदाब, मासिक पाळीच्या तक्रारी अशा गोष्टी ऑस्टिओपॅथीनं बऱ्या होतात असं सांगणारे भेटतील. त्यांच्या बाजूनं भरवशाचा पुरावा नाही. डोक्यावर हलके हात ठेवून कवटीच्या हाडांची 'लय' ओळखण्याचा एक प्रकार आहे, त्याला क्रेनियल ऑस्टिओपॅथी म्हणतात. तो स्टिल यांचे विद्यार्थी विल्यम सदरलँड यांनी काढला. एकाच डोक्यावर दोन तज्ज्ञांनी हात ठेवून ती लय मोजली तर त्यांचे आकडे जुळत नाहीत, हे तपासून झालंय. त्यात शांत वाटतं, डोळा लागतो, हे मी नाकारणार नाही. पण डुलकीसाठी एवढा खर्च कशाला?

आणि 'नैसर्गिक' या शब्दाबद्दल एक सांगते. गोळी नाही, सुई नाही, म्हणून अपायही नाही असं आपण धरून चालतो. मानेला दिलेला झटका गोळी नसतो, पण धोका त्यातही आहे. तो पुढे सहाव्या पायरीत येईल.

३. ही लक्षणं असतील तर आधी डॉक्टर

ऑस्टिओपॅथची वेळ घेण्याआधी ही यादी वाचाच. यातलं एकही लागू असेल तर मोर्चा डॉक्टरकडे, आणि पहिल्या तिनांसाठी तर थेट रुग्णालयात:

- मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागी बधिरपणा. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं. शौचावरचा ताबा जाणं. दोन्ही पायांतली ताकद कमी होत जाणं. पाठीच्या कण्यातल्या खालच्या मज्जातंतूंवर दाब आल्याची ही खूण असू शकते. यात तासांचा हिशोब असतो.
- अचानक, कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी किंवा मानदुखी, सोबत चक्कर, एकाचं दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळायला त्रास, तोल जाणं.
- छातीत दुखून ते हातात किंवा जबड्यात उतरणं.
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं.
- ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी आणि कुशी बदलूनही कमी न होणारी वेदना.
- पूर्वी कर्करोग झालेला असणं, किंवा बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असणं.

चांगला ऑस्टिओपॅथ हे सगळं स्वतःहून विचारतो. मला लघवीबद्दल विचारलं तेव्हा मी अवघडले होते, कंबरेच्या दुखण्यात हे कशाला असं वाटलं. तो प्रश्न का होता हे नंतर कळलं. पहिल्या जागी तो कुणी विचारलाच नव्हता.

४. माणूस निवडताना

ज्या देशात कायदा आहे तिथं काम सोपं. ब्रिटनमध्ये १९९३च्या कायद्यानं जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिल स्थापन झालं. तिथं या कौन्सिलकडे नोंदणी नसताना स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणं गुन्हा आहे, आणि ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही बघता येते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही नोंदणी सक्तीची आहे. फ्रान्सनं २००२ मध्ये या पदवीला कायद्यानं मान्यता दिली. तुम्ही अशा देशात असाल तर आधी नाव नोंदवहीत शोधा. नाव सापडलं नाही तर विषय संपला.

जिथं असा कायदा नाही तिथं पाटी लावायला कुणालाच अडचण नसते. अशा ठिकाणी मोजायला एक पट्टी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये ऑस्टिओपॅथीच्या शिक्षणाचे किमान निकष ठरवले. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसासाठी ४२०० तासांचं शिक्षण, आणि त्यातले किमान १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर काम. शनिवार-रविवारच्या दोन-तीन वर्गांना बसून मिळालेलं, चौकटीत लावलेलं प्रमाणपत्र याच्या शेजारी ठेवून बघा.

फोनवर हे चार प्रश्न विचारा. लाजू नका:

"शिक्षण कुठं झालं, आणि किती वर्षांचं?"
"पहिल्या भेटीला किती वेळ देता?" पाऊण तास ते एक तास हे उत्तर ठीक. "पंधरा मिनिटं" असेल तर पुढचं नाव बघा.
"कुणाला उपचार न करता डॉक्टरकडे पाठवता का? कधी?" हा माझा आवडता प्रश्न. ज्याला याचं उत्तर पटकन देता येतं, त्याला आपल्या कामाची हद्द माहीत असते.
"किती भेटी लागतील?" बघितल्याशिवाय ठाम आकडा सांगणाऱ्याकडे जाऊ नका.

नावाआधी 'डॉक्टर' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. कशातले डॉक्टर, ते विचारा. विचारल्यावर चिडले, तर तेच उत्तर समजा.

५. सोबत काय न्यायचं

- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती वर, ठळक अक्षरांत.
- एक्स-रे, एमआरआय, हाडांच्या घनतेची तपासणी, जे असेल ते. फिल्म नसली तरी अहवाल तरी हवाच.
- झालेल्या शस्त्रक्रिया आणि मोठे आजार, सालासकट.
- डॉक्टरांनी पाठवलं असेल तर त्यांची चिठ्ठी.
- विमा असेल तर तो ऑस्टिओपॅथीचा खर्च देतो का, हे आधीच विचारून ठेवलेलं. कित्येक विमे देत नाहीत, आणि हे बिल हातात आल्यावर कळतं.
- आठवडाभराची दुखण्याची वही.

ही वही म्हणजे काही थोर काम नाही. सकाळी, दुपारी, रात्री वेदनेला ० ते १० मध्ये आकडा द्यायचा आणि त्या वेळी काय करत होतात ते दोन शब्दांत लिहायचं. माझ्या वहीत सात दिवसांत पाच वेळा "खुर्चीतून उठताना" आलं होतं, आणि मी मात्र सगळ्यांना "वाकलं की दुखतं" असं सांगत फिरत होते. स्वतःच्या दुखण्याबद्दल आपणच किती चुकीचं सांगतो!

एमआरआयबद्दल एक सूचना. अहवालात मणक्यांमधली 'चकती फुगली आहे' असं लिहिलं असेल तर घाबरू नका. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय तपासल्यावर विशीतल्या साधारण ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत फुगलेली चकती आढळली आहे. ती दिसते म्हणजे दुखणं तिच्यामुळेच आहे असं नसतं. अहवाल दाखवून कुणी तुम्हाला घाबरवत असेल तर हे आकडे आठवा.

कपडे सैल घाला. तपासताना पाठ उघडी करावी लागते, कधी अंतर्वस्त्रांवर उभं राहायला सांगतात. तुम्हाला संकोच वाटत असेल तर पातळ बनियन आणि अर्धी चड्डी आणते, चालेल का, असं फोनवरच विचारा. सोबत कुणाला तरी खोलीत बसवण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.

६. पहिली भेट

आधी प्रश्न, त्याबद्दल वर पुरेसं झालं. मग उभं करून बघतात: खांदे सारखे आहेत का, भार कुठल्या पायावर पडतोय, पुढे-मागे-बाजूला वाकताना कुठं अडतंय. गुडघ्यावर हातोडी मारून, पायाला स्पर्श करून मज्जातंतू तपासतात. पायात मुंग्या येतात असं सांगूनही ही तपासणी झाली नाही, तर तुम्हीच आठवण करून द्या.

मग हात. ऑस्टिओपॅथ चार गोष्टी शोधत असतो: ऊतींचा पोत बदललाय का, दोन बाजूंत फरक आहे का, सांधा कमी हलतोय का, आणि दाबल्यावर दुखतंय का. माझ्या मणक्याच्या दोन बाजूंना दोन अंगठे ठेवून दुसऱ्या ठिकाणची ऑस्टिओपॅथ एकेक मणका खाली उतरत गेली. डाव्या बाजूला, पट्ट्याच्या जरा वर, अंगठा थांबला. "इथं?" मी काही बोलायच्या आत पायाची बोटं आवळली गेली होती, ते तिनं बघितलं होतं.

उपचारांचे प्रकार बरेच आहेत, पण नवख्याला तीन कळले तरी पुरे.

पहिला, मऊ काम. स्नायू दाबणं, ताणणं, सांधा हळूहळू त्याच्या हद्दीपर्यंत नेऊन परत आणणं. मालिशच्या जवळचं.

दुसऱ्याला मसल एनर्जी म्हणतात. यात मेहनत तुमची. मला कुशीवर झोपवून तिनं पाय एका जागी धरला आणि म्हणाली, "माझ्या हातावर हळू ढकला, पूर्ण जोर नको." पाच-सहा सेकंद ढकलायचं, सोडायचं, श्वास सोडायचा, आणि सैल पडलेल्या स्नायूला ती बोटभर पुढे नेणार. असं तीन-चार वेळा. दुखलं अजिबात नाही. उठले तेव्हा पाय जास्त उचलता येत होता. आता हे चार दिवस टिकलं की चार तास, तो वेगळा भाग.

तिसरा म्हणजे तो प्रसिद्ध कट्ट. सांध्याला छोटा पण वेगवान झटका देतात. तो आवाज हाडं घासल्याचा नसतो आणि 'सरकलेला मणका जागेवर बसला' असाही त्याचा अर्थ नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटकन उघडला की आतला दाब एकदम उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडात बोटं ओढून मोडताना एमआरआयवर ही पोकळी प्रत्यक्ष पाहिली गेली. म्हणून तर एकदा मोडलेलं बोट साधारण वीस मिनिटं पुन्हा मोडत नाही. आवाज झाला म्हणजे उपचार लागू पडला, आणि नाही झाला म्हणजे फुकट गेला, असं काही नसतं.

मानेच्या झटक्याबाबत मात्र मी हट्टी आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांच्या आतल्या थराला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. हे क्वचित घडतं, आणि काही वेळा चीर आधीच पडलेली असते, मान दुखतेय म्हणून तर माणूस तिथं गेलेला असतो. पण मानेसाठी झटक्यावाचून इतके सौम्य मार्ग असताना मी तो धोका का घेऊ? हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, संधिवातानं मानेचे सांधे ढिले झाले असतील, तर झटका कुठंच नको. गरोदर असाल तर ते पहिल्या वाक्यात सांगा.

प्रत्येक नव्या गोष्टीआधी काय करणार, का करणार, धोका काय, दुसरा पर्याय कोणता हे त्यांनी सांगायला हवं आणि तुमचा होकार घ्यायला हवा. आधी दिलेला होकार मध्येच मागे घेता येतो. हे वाक्य पाठ करून जा: "मानेला झटका देऊ नका, बाकी चालेल." माझ्या दुसऱ्या ऑस्टिओपॅथनं हे ऐकून फक्त मान डोलावली आणि कागदावर लिहून घेतलं.

७. नंतरचे दोन दिवस

अंग ठणकू शकतं, थकवा येतो, कधी डोकं जड होतं. एक-दोन दिवसांत ते जातं. मी पहिल्या संध्याकाळी जिना उतरताना आदल्या दिवशी कुस्ती खेळल्यासारखी उतरत होते. हे 'विषारी द्रव्यं बाहेर पडतायत' वगैरे काही नाही, दाबलेले स्नायू दुखतात इतकंच. भरपूर पाणी पिऊन ती द्रव्यं धुऊन काढा असंही सांगतात. पाणी प्या, तहान लागली म्हणून.

झोपून राहू नका, चाला. दिलेले व्यायाम त्याच दिवसापासून सुरू करा. व्यायाम दिलेच नसतील तर मागून घ्या. तिसऱ्या दिवशीही दुखणं वाढतच असेल तर फोन करा. बधिरपणा, पायातली ताकद जाणं, चक्कर, बोलण्यात फरक यातलं काही झालं तर ऑस्टिओपॅथच्या फोनची वाट बघायची नाही, तिसऱ्या पायरीतली यादी पुन्हा वाचायची आणि निघायचं.

८. किती भेटी, आणि थांबायचं कधी

तीन-चार भेटींत काहीतरी हललं पाहिजे. वेदनेचा आकडा, नाहीतर एखादं काम, जे आधी जमत नव्हतं. माझं मोजमाप पायमोज्याचं होतं. तुमचं काही तरी तितकंच साधं ठरवा आणि पहिल्याच दिवशी ऑस्टिओपॅथला सांगा, म्हणजे दोघांचा हिशोब एक राहतो. फरक दिसला नाही तर सरळ विचारा, "आता दुसरीकडे दाखवू का?" माझ्या चौथ्या भेटीत तिनंच विषय काढला. म्हणाली, आता माझं काम कमी आणि तुमच्या व्यायामाचं जास्त. पाचवी भेट सहा आठवड्यांनी झाली, ती व्यायाम नीट होतायत का हे बघायला.

याच्या उलट सापळे असे. एकदम वीस भेटींचे पैसे आगाऊ भरा, सवलत देतो. तुमचा एक पाय आखूड आहे, मणका सरकलाय, दर महिन्याला बसवून घ्यावा लागेल. बहुतेकांच्या पायांत थोडा फरक असतोच आणि त्यांचं आयुष्य मजेत चाललेलं असतं. डॉक्टरांची औषधं बंद करा, त्यानं शरीराची ताकद मरते. हे शेवटचं ऐकलंत तर चप्पल घाला. रक्तदाबाची, साखरेची, फेफऱ्याची गोळी कुणा ऑस्टिओपॅथच्या सांगण्यावरून सोडायची नसते.

उपचार संपवताना तुमच्या नोंदींची प्रत मागून घ्या: काय आढळलं, काय केलं, कशानं फरक पडला. एक प्रत तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना द्या. मला मिळालेल्या कागदावर अकरा ओळी आहेत, आणि त्यातली तिसरी अशी: "रुग्णाच्या सांगण्यावरून मानेला झटका दिलेला नाही."